मोरीच्या तोंडाशी

हालवाडीच्या धनगर गल्लीतल्या सांडपाण्याला आजवर कुणी कुठं चाललंस म्हणून विचारलं नव्हतं. चार घरांच्या चार मोऱ्या. चारही मोऱ्यांचं पाणी उताराने यायचं ते धुळाप्पाच्या परसात, कारण त्याचं घर सगळ्यांत खाली. तिथं ते साचायचं, हिरवं व्हायचं, डुकरं त्यात लोळायची आणि माणसं नाकाला पदर नाहीतर धोतराचा सोगा लावून कडेकडेने जायची. बापजाद्यांपासून असंच चाललेलं. चिखलही शेजाऱ्यासारखाच, नको म्हटलं म्हणून थोडाच उठून जातो!

पण आदल्या साली पटकी आली आणि गावातली चांगली धडधाकट माणसं उचलून घेऊन गेली. मग सरकारनं मनावर घेतलं. चैत्र लागला आणि तालुक्याहून श्रीमंतराव नावाचा आरोग्य खात्याचा माणूस सायकलवरून येऊ लागला. अंगात खाकी चड्डी, डोक्याला साहेबी टोपडं, आणि तोंडात एकच विषय, मोरी. गावाने त्याचं नाव लगोलग मोरीसाहेब ठेवलं. माणूस वाईट नव्हता. चिखलात स्वतः उतरायचा, काठीने खोली बघायचा, आणि म्हातारीकोतारी असली तर आधी रामराम करायचा.

त्या दिवशी तो गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन धुळाप्पाच्या परसात आला. धुळाप्पाच्या मोरीजवळ थांबला आणि खूण आखायला पिशवीतून पांढऱ्या फक्कीची मूठ काढून म्हणाला, "खड्डा इथं. या मोरीच्या तोंडाशीच. पुरुषभर खोल खणायचा. खाली मोठे दगड, वर बारके, त्यावर जाड वाळू. चारी घरांचं पाणी यात सोडायचं. जमीन आपोआप पिऊन टाकेल, वर थेंब दिसायचा नाही."

"लई झ्याक!" गुरप्पा वाणी म्हणाला. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाला, माशा सगळ्या त्याच्या गुळावर.

धुळाप्पा मात्र जागच्या जागी गार पडला. 

कारण त्या जागेत जे होतं ते त्याला ठाऊक होतं. त्याची लेक मायाक्का बाळंतपणाला माहेरी आली होती. सासरी दोन पोरं झाली नि दोन्ही गेली. पहिल्या पोराची वार तिच्या सासूने उकिरड्याशेजारी वरवर पुरली, ती कुत्र्यांनी उकरली, आणि तेव्हापासून तिचं पोर जगेना असं सगळ्या बाया म्हणत होत्या. म्हणून या खेपेला धुळाप्पाच्या बायकोने, शिवबाईने, हयगय केली नाही. पोर झाली तशी सुईण इमामबीने वार मडक्यात घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि दोघी बायांनी मिळून मोरीच्या तोंडाशी कमरेइतका खड्डा खणून ती पुरली. वर फरशी ठेवली. आता सव्वा महिना बाळंतिणीच्या न्हाणीचं ऊन पाणी रोज तिथंच पडलं पाहिजे. पाणी तुटलं की दूध तुटतं, आणि जागा उकरली की पोर जाते. हे काय कुणी शिकवायला लागतं? पोर अजून मुठीएवढी होती. मायाक्का तिला पदराआडून क्षणभरही काढत नव्हती.

आणि हे सगळं त्या टोपडेवाल्याला सांगायचं कसं? बायकांच्या आतल्या गोष्टी त्या. धुळाप्पा गल्लीतला वडीलधारा, पंचात बसणारा. चार माणसांत, परक्या साहेबापुढं, आपल्या लेकीच्या वारेचं नाव घ्यायचं म्हणजे जीभ हासडून हातावर ठेवण्यातला प्रकार.

"सायेब," तो म्हणाला, "तितं खडक हाय."

"खडक? वर तर माती दिसतेय."

"वरच माती. हातभर खाली काळाकुट्ट खडक. माज्या बानं घर बांदतानी दोन पहारी मोडल्या हितं."

बाप बिचारा मरून वीस वर्षं झाली होती. त्याला धुळाप्पाने खोट्या साक्षीला उभा केला.

श्रीमंतरावाने मूठ पुन्हा पिशवीत टाकली. "मग तुमच्या मेंढवाड्याच्या पलीकडे न्या, बांधाला. लांब चर काढावा लागेल, कष्ट पडतील. पण एक बजावून सांगतो, गल्लीच्या आडाच्या अंगाला नको. तिकडची जमीन मुरमाड. पाणी सरळ आडात उतरेल."

"व्हय की. येवडं का कळत न्हाय आमाला!" धुळाप्पा म्हणाला.

साहेब सायकलवर बसून गेला. मागं उभ्या असलेल्या इमामबीने धुळाप्पाकडे एकदा बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती आपल्या घराकडे वळली. तिचं घर धुळाप्पाला लागूनच.

दुसऱ्या दिवशी खणायला माणसं जमली. इमामबीचा लेक हुसेनसाब सगळ्यांत दणकट, त्याने आपली पहार घासून आणली होती. गुरप्पा कुदळीपेक्षा तोंड जास्त चालवत होता. बांधापर्यंत चर न्यायचा म्हणजे मेंढवाड्यातून न्यायचा. वाड्यात नुकत्या व्यालेल्या मेंढ्या, एका कडेला धुळाप्पाचा घोंगड्यांचा माग, आणि जमीन वाळून दगड झालेली. हातभर खणलं तोवर सगळ्यांच्या हाताला फोड आले.

"हितनं न्यायचं म्हंजी पावसाळा उजाडंल," गुरप्पा म्हणाला.

धुळाप्पालाही वाड्यात चर नकोच होता. मेंढ्या कुठं बांधायच्या, माग कुठं हलवायचा? त्याने इकडंतिकडं बघितलं आणि पटका सारखा करत म्हणाला, "आडाकडची जमीन मऊ हाय. तितंच घेऊ."

हुसेनसाब थांबला. "आप्पा, सायेब तिकडं नगं म्हनला हुता न्हवं?"

"सायबाचं काय जातंय? सायकलीवर बसला नि गेला. आड तितं पल्याड ऱ्हायला, मदी येवडी जागा हाय."

"तसं कशाला? तुमच्या मोरीपाशीच येकदा पहार मारून बगू की. खडक किती खोल हाय त्ये तरी कळंल."

"येकदा सांगितल्यालं कळत न्हाय का रं तुला!" धुळाप्पा असा काही ओरडला की वाड्यातल्या मेंढ्या दचकून एकमेकींवर गेल्या.

हुसेनसाबने पहार खांद्यावर घेतली आणि आडाच्या अंगाला गेला. तिथं मात्र मुरूम भराभर निघाला. दगड भरले, वाळू घातली, चारी घरांच्या मोऱ्यांना चर जोडले. धुळाप्पाच्या न्हाणीचं पाणी तेवढं जुन्या जागी पडत राहिलं. कुणी विचारलं तर तो म्हणे, "बाळंतिनीचं पानी कुनाच्या पान्यात मिसळू ने." तेवढं सगळ्यांना पटलं.

आठवडाभरात गल्ली वाळली. डुकरं येऊन हुंगून परत गेली. गुरप्पाच्या आईने, गोजाबाईने, जन्मात पहिल्यांदा लुगडं न उचलता गल्ली ओलांडली आणि धुळाप्पाच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. धुळाप्पाची छाती फुगली. सापही मेला आणि काठीही शाबूत, असं त्याला वाटत होतं. तो मागावर बसला की हात नुसते धावत. घोंगड्याच्या ताण्याला शिजवलेल्या चिंचोक्याची चिकट खळ लावायची, उरलेली आंबलेली खळ नि भांड्यांची धुणवळ आता परसात न फेकता खड्ड्यात जाऊ लागली. खड्डा गपागप पीत होता.

मग एका सकाळी शिवबाईने आडाचं पाणी आणून रांजणात ओतलं आणि नाक मुरडलं. "ह्ये पानी असं का ओ वास मारतंय?"

धुळाप्पाने ओंजळ भरून नाकाशी नेली. वैशाख तापलेला, आडात पाणी तळाला गेलेलं. त्या पाण्याला एक आंबूस, चिकट वास होता. तो वास धुळाप्पाच्या दहा बोटांना जन्मभर चिकटलेला. त्याला दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

"वैशाखाचं पानी. आसंल पालापाचुळा कुजल्याला," तो म्हणाला आणि ओंजळ खाली सोडली.

दोन दिवसांत वास सगळ्या गल्लीला लागला. कुणी म्हणालं मांजर पडलं, कुणी म्हणालं घोरपड. पोरांची पोटं बिघडली. प्यायचं पाणी ओढ्यातल्या झिऱ्यावरून येऊ लागलं, डोक्यावर हंडे घेऊन कोसभर उन्हातून. वैतागलेल्या बाया दोष द्यायला माणूस शोधू लागल्या, आणि गोजाबाईला तो सापडला.

इमामबी आडावर पोहरा सोडत होती. गोजाबाई पुढं झाली. "इमामबी, त्यो दोर खाली ठेव."

"का ग आव्वा?"

"का म्हनून वर मला इचारतीस? बाळंतपनाची घान धुतल्याल्या हातानं पोहरा बुडवतीस, मग पान्याला वास न्हाई येनार तर काय अत्तर दरवळंल?"

"ती धुनी मी वड्यावर धुती. आडाच्या अंगाला कदी नेली न्हाईत."

"बगितलंय कुनी? आजपातूर आडाला हात लावायचा न्हाय. समद्यांचंच ठरलंय."

तिथून दहा पावलांवर धुळाप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता. ती घाण त्याच्याच लेकीच्या बाळंतपणाची, त्याच्याच घरची. इमामबीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बोलला असता तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य बोललं की खड्डा हलणार, खड्डा हलायचा म्हणजे खडक कुठंय ते दाखवावं लागणार, आणि तिथं पहार बसली की मायाक्काची तिसरी पोरही गेली. त्याने मान खाली घातली आणि तुटलेला धागा शोधू लागला. धागा तुटलेलाच नव्हता.

इमामबीने दोर गुंडाळून काठावर ठेवला आणि रिकामी घागर घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मायाक्काला न्हाऊ घालायला येईल असं धुळाप्पाला वाटलं नव्हतं. पण ती आली. रोजच्यासारखी आली, दारात वहाणा काढल्या, बाह्या वर सारल्या. पोरीला पायावर घेऊन तेल रगडलं, मायाक्काची कंबर चोळली, पोट बांधलं. न्हाणीला पाणी आडाचंच. ते शिवबाईने शेंदायचं आणि तिच्या हाताशी आणून द्यायचं, कारण दोराला तिचा हात चालत नव्हता. त्या पाण्याने ती त्याच्या लेकीला नि नातीला आंघोळ घालत होती आणि स्वतःच्या घरी झिऱ्यावरून पाणी आणत होती. साठीच्या बाईने डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालायचं. धुळाप्पा माग सोडून मेंढ्यांमागं रानात निघून गेला.

त्याला लाज वाटत होती. साधीसुधी नाही, अंगावरचं धोतर कुणी ओढून नेल्यासारखी. एका संध्याकाळी मनाचा हिय्या करून तो गुरप्पाच्या दुकानात गेला. सांगून टाकायचं, काय व्हायचं ते होवो.

"या आप्पा. काय देऊ?" गुरप्पाने विचारलं.

"गुरप्पा, ह्या आडाचं..."

"आता आडाचं नगंच बोलू. मी तालुक्याला सांगावा धाडलाय मोरीसायबाला. त्या बाईला साऱ्या गावाच्या पान्यावरनंच उटवाया पायजे म्हनलं. तुमी पंच हाव, तुमी बी बोला की जरा."

धुळाप्पाने पाव शेर गूळ घेतला आणि घरी आला. घरात गूळ होता. 

श्रीमंतराव आला तो भर दुपारी, उन्हाने लालेलाल होऊन. आडाभोवती सगळी गल्ली गोळा झाली. गोजाबाईने हात नाचवत इमामबीची कहाणी सांगितली. इमामबी आपल्या दारात उभी होती, खाली यायला तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि ती आलीही नाही. श्रीमंतरावाने ऐकून घेतलं, पण त्याचे डोळे आडावर नव्हतेच. ते खड्ड्यावर होते.

"हा खड्डा इथं कुणी घेतला?"

गुरप्पा गर्दीत मागं सरकला.

"कुणी तरी आडात उतरा बरं," तो म्हणाला.

"मी उतरतो सायेब," हुसेनसाब म्हणाला. त्याने कमरेला दोर बांधला आणि भराभर खाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या तळव्यावर चिकट पांढुरकं काहीतरी होतं. "मेल्यालं काय बी न्हाय. ह्या अंगाच्या कपारीतनं पाजरतंय." त्याने हात पुढं केला.

गुरप्पाने नाक पुढं नेलं आणि झटक्याने मागं घेतलं. "आरं, ही तर खळ!"

सगळ्यांच्या माना धुळाप्पाकडे वळल्या. गल्लीत घोंगडी विणणारं घर एकच.

"धुळाप्पा," श्रीमंतराव म्हणाला, "मी काय सांगून गेलो होतो?"

"सायेब, तितं खडक..."

"पहार आण रे." श्रीमंतरावाने हुसेनसाबच्या हातातून पहार घेतली आणि सरळ धुळाप्पाच्या परसात गेला. मागं सगळी गल्ली. न्हाणीचं पाणी पडून मोरीचं तोंड ओलं होतं. "खडक असला तर पहार ठणकेल. नसला तर बसेल. दोन्हीकडून कळेल."

त्याने पहार वर उचलली. न्हाणीच्या दाराआडून मायाक्काचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता कळवळा. आणि धुळाप्पा पुढं धावला, ओल्या मातीत पाय घसरून गुडघ्यावर पडला, आणि तसाच दोन्ही हातांनी पहारीला लटकला.

"नका सायेब! खडक न्हाय! खोटं बोललो मी! माज्या लेकीची वार हाय तितं. दोन पोरं गेल्यात तिची. ह्यी तरी जगू द्या!"

 पुरुषांनी माना फिरवल्या. गोजाबाईने तोंडावर पदर घेतला. चिखलाने माखलेला, पटका सुटलेला धुळाप्पा हुंदके देत होता, आणि आयुष्यात कधी रडला नव्हता म्हणून त्याला धड रडताही येत नव्हतं.

श्रीमंतरावाने पहार हळूच भिंतीला टेकवली. डोक्यावरचं टोपडं काढलं. आता हा हसणार, असं धुळाप्पाला वाटलं. हसला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, हे त्याच दिवशी का नाही बोललात?" तो हळू म्हणाला. "आमच्या घरीही मोरीशीच पुरतात. माझ्या मुलाची वार पुरायला मीच खड्डा खणून दिलाय. फक्की माझ्या हातात होती. आठ हात पलीकडे सरकवली असती, वाड्याच्या कुडाला. झालं असतं काम."

आठ हात. कुडाला लागून, ना मेंढ्यांना अडचण, ना मागाला. धुळाप्पाने तिकडं बघितलं. रोज तो तिथूनच जात होता.

त्याच संध्याकाळपासून कुडाजवळ खणायला सुरुवात झाली. जुन्या खड्ड्यातले दगड उपसले, आड उपसायचं ठरलं. कुणी धुळाप्पाला टाकून बोललं नाही. उलट त्याला बघून माणसं बोलता बोलता थांबत होती, आणि ते जास्त लागत होतं. गोजाबाई तर अशी वागत होती, जणू आडावर दोर खाली ठेव म्हणणारी कुणी दुसरीच होती.

अंधार पडायच्या आत तो इमामबीच्या दारात गेला. ती जोंधळे निवडत होती.

"इमामबी, चुकलं माजं."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "पुरलीय ती मीच, आप्पा. तुमी खडक म्हनलासा तवाच कळलं मला खडक कसला त्यो."

"मग आडावर तुला येवडं बोलल्या, तरी तोंड का उघडलं न्हाईस?"

"सुईनच बोलाया लागली तर बाया कुनाच्या हाती अंग देत्याल?" तिने खडा वेचून बाहेर टाकला. "मी न बोलायचंच हाय. बोलायचं तुमचं हुतं."

धुळाप्पा अजून दारातच उभा होता. तिने बस म्हटलं नाही. तो तसाच परत फिरला.

चार दिवस आड उपसला, पाझर थांबला, पाणी निवळलं. त्या सकाळी इमामबी न्हाऊ घालायला आली. बंब रिकामा होता. शिवबाई तिला म्हणाली, "आता तूच शेंद की बाई. आता कोन अडवतंय?"

"न्हाय," इमामबी म्हणाली. "मला दोर खाली ठेव म्हनलंय. उचल म्हनून कुनी सांगितल्यालं न्हाय."

शिवबाई गडबडली. गोजाबाई आडावरच होती, घागर घासण्यात गुंग असल्यासारखी. तिने मान वर केली नाही. मागावर बसलेला धुळाप्पा उठला. बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी पुरुषाने भरलेलं त्या गल्लीत कुणी बघितलं नव्हतं. त्याने आडावर जाऊन दोर सोडला, पोहरा वर ओढला, घागरीत रिचवला आणि घागर खांद्यावर घेऊन भर गल्लीतून घरात आणली. गुरप्पा दुकानातून बाहेर येऊन बघत राहिला. बाया दारादारांत उभ्या राहिल्या. इमामबी न्हाणीच्या दारात बाह्या वर सारून उभी होती. धुळाप्पाने घागर बंबात ओतली. धाप लागून त्याची छाती वरखाली होत होती, पाणी बंडीवरून ओघळत होतं. वर बघायचा धीर त्याला होईना.

इमामबीने वाकून बंबात डोकावलं.

"अजून येक," ती म्हणाली.